बावेकाठची शेरणी

निवेकोंडात पिण्याच्या विहिरीला बाव म्हणतात. वाडीची ही एकच बाव वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वळणावर आहे. दर्शना दिवसातून कितीदा तिकडे जाई याला गणती नव्हती. हंडा भरायचा नसला तरी जाई. बावेचा कठडा आणि वहाळाची दरड यांच्यात किती जमीन उरली आहे ते बघे, कडेची माती पायाने दाबून पाही, घरी येऊन चुलीवर भात ठेवी आणि भाताला उकळी फुटायच्या आत पुन्हा निघे. माघ महिना होता. वहाळात जेमतेम घोटा बुडेल एवढं पाणी. त्या पाण्याने मातीचा कणही हलणार नव्हता. हे तिला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

निवेकोंड ही खेड तालुक्यातली डोंगराच्या पायथ्याची वाडी. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. मागे राहिलेल्यांतले काही जण लोट्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. दर्शनाचा नवरा रितेश त्यांतलाच एक. कंपनीची बस हायवेवर थांबते आणि वाडीतून हायवेवर जायची जवळची वाट वहाळातल्या दगडांवरून आहे. रितेश मात्र गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून त्या वाटेने जात नव्हता. लांबच्या सडकेने, पुलावरून वळसा घालून जाई. त्यासाठी घरातून लवकर निघावं लागे. का, असं त्याला कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

त्या पावसाळ्यात वहाळ चढला तेव्हा बावेवरचा पंप काढून आणायला रितेश आणि वाडीचे प्रमुख, गावकर भागोजी खाली गेले होते. पंपाचा शेवटचा बोल्ट सुटला आणि दरडीचा अख्खा तुकडा रितेशसकट पाण्यात बसला. भागोजींच्या हातात, रितेशने दुसरीकडून धरलेल्या दोरीचं एक टोक तेवढं राहिलं. वाडीची माणसं दोन्ही काठांनी ओरडत धावत सुटली. दर्शना अनवाणी पुलापर्यंत गेली, पुढे तिला बायकांनी धरून ठेवलं. दुपार कलताना पुलाच्याही पलीकडे, समोरच्या काठावर एका झाडाखाली रितेश बसलेला सापडला. अंगात शर्ट नव्हता, डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सोलवटला होता.

हात बरा झाला. तो कामावर जाऊ लागला, हसू-बोलू लागला. पण पाण्यातून बाहेर कसा आला ते त्याने सांगितलं नाही. दर्शनाने सुरुवातीला एकदोनदा विचारलं, तेव्हा "आलो ना? मग झाला," एवढंच म्हणाला. तिने मग विचारणं सोडलं. पण तेव्हापासून तिला एका जागी स्वस्थ बसवेना. भांडी घासतानाही तिचा कान वहाळाकडे असे.

त्यानंतरच्या वर्षी वाडीने श्रमदानाने दरडीला दगडांचा गडगा घातला. चिरे लावून, सांधे बुजवून चांगला कंबरभर उंच केला. आषाढात वहाळ त्याच्या मागच्या मातीत शिरला आणि गडगा पाठीवर पडल्यासारखा आडवा झाला. जमिनीचा आणखी एक तुकडा गेला. आता बाव अगदी कडेवर आली होती. बाव गेली तर वाडीला उन्हाळ्यात प्यायला पाणी नव्हतं. नळाची लाइनही त्याच बावेवरून होती.

माघातच देवळापुढच्या सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, बैठक झाली. मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी विनीत फोनवर होता. त्याचं म्हणणं, काँक्रीटची भिंत घ्यायची, प्रस्ताव दिलेला आहे, पाठपुरावा चालू आहे. भागोजींनी विचारलं, येत्या पावसाळ्याच्या आत होईल का. विनीत प्रामाणिक माणूस होता. नाही होणार, म्हणाला. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले, कुणी तंबाखू मळायला घेतली, आणि ती शांतता दर्शनाला सहन होईना.

"मी झाडां लावतंय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही, पण कुणी फारसं मनावरही घेतलं नाही. भागोजी म्हणाले, लाव, माणसं लागली तर सांग.

सांगायलाही ती थांबली नाही. तिला एकच गोष्ट कळत होती, की पावसाच्या आत दरड हिरवी झाली पाहिजे. लवकर वाढणारं काय, याचा विचार करताना तिला हायवेकडेचं गटार आठवलं. तिथे बेशरम माजली होती. तोडून टाकली तरी टाकलेल्या जागी फुटते, अशी तिची ख्याती. दर्शनाने भारेच्या भारे डोक्यावरून आणले आणि वळणाच्या दरडीत वरपासून खालपर्यंत खोचले. आठवडा व्हायच्या आत कांड्यांना कोंब आले, थोड्याच दिवसांत पानं. बावेवर येणाऱ्या बायका म्हणू लागल्या, दर्शनाचा हात चांगला आहे. दर्शना हरखून गेली. तिला वाटलं, आता तरी घरी बसवेल. पण दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा दरडीवर होती, आणि नवी पानं मोजावीत तशी एकेका कांडीपुढे उभी राहत होती.

शिमग्याला भागोजींची पुतणी अक्षया आली. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली, चिपळूणला एका रोपवाटिकेत कामाला होती. पालखी नाचवून झाल्यावर ती पाणी प्यायला बावेवर आली आणि दरड बघून थबकली. दर्शना शेजारी होतीच. अक्षयाने एक कांडी दोन बोटांत धरली आणि वर ओढली. कांडी सहज उपसून आली. खाली पांढऱ्या मुळांचा वीतभरही नाही असा झुपका होता.

अक्षयाने मग तिला समजावून सांगितलं. ही आपल्याकडची नव्हे, बाहेरून आलेली. वर दाट दिसते, पण माती धरून ठेवायचं तिच्यात नाही. पूर आला की मोडेल, तुकडे वाहून खालच्या शेतांत रुजतील, वहाळ तुंबेल आणि तुंबलेलं पाणी हीच दरड कापत जाईल. गुरंही तिला तोंड लावत नाहीत.

दर्शनाला राग आला. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. "मग काय लावू?" तिने विचारलं. "आता फाल्गुन आला. तू सांग, मी उद्या लावतंय."

"वहिनी, एकच झाड नसतं," अक्षया म्हणाली. "पायथ्याला, जिथे पाणी आदळतं, तिथे वाकणारं पाहिजे. मधल्या उतारावर खोल मुळाचं, वर सावली देणारं. नावं मी दहा सांगेन, पण ती पुस्तकातली. तुमच्या वहाळाला कुठलं टिकतं ते वहाळच दाखवील. दरड जिथे गेली नाही तिथे काय उभं आहे ते बघा."

दुसऱ्या दिवशी दर्शनाने स्वतः लावलेली सगळी बेशरम उपटली. नुसती टाकली असती तर रुजली असती, म्हणून कातळावर वाळत घातली आणि वाळल्यावर जाळली. ते करताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरामुळेच असेल, असं बघणाऱ्या बायका म्हणाल्या.

मग ती वहाळातून चालत निघाली. आधी वर, डोंगराकडे, नंतर खाली पुलापर्यंत. इतकी वर्षं ती या वाडीत नांदत होती, पण वहाळ असा कधी बघितला नव्हता. जिथे कधीकाळी ओळीने ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या होत्या तिथे काठ आतून पोखरला होता आणि दोन झाडं मुळं वर करून आडवी पडली होती. कुणाच्या तरी माडाची मुळं केरसुणीसारखी अधांतरी लोंबत होती. आणि मध्येच काही ठिकाणी काठ जसाच्या तसा होता, तिच्या लग्नाच्या वेळी होता तसा. तिथे वहाळाच्या पोटातच, दगडाधोंड्यांत दाट झुडपं होती. वर करंजं, उंबर, पाणजांभूळ. ओलसर कोपऱ्यात निवराची झाडं, आणि चिखलातून वर आलेला वाळा. सगळं एकमेकांत गुंतलेलं. बघून बरं वाटलं, पण निवड होईना. यातलं नेमकं धरून ठेवतं कोण? आणि सोबतीला म्हणून नुसतं उभं आहे कोण? सगळं लावायला वेळ नव्हता. आणखी एकदा चुकायला तर अजिबात नव्हता.

पुलाखाली ती उभी राहिली तेव्हा तिच्या मनात आलं, भर पुरात हा वहाळ आतून बघितलेला एकच माणूस आहे, आणि तो आपल्या घरात राहतो.

तिने रितेशला विचारलं तेव्हा तो अंघोळीला उठून गेला. चार दिवसांनी पुन्हा विचारलं. त्या दिवशी तो रात्रपाळी करून सकाळी परत आला होता आणि मागल्या पडवीत भाकरी खात होता. दर्शनाने या वेळी वेगळ्या तऱ्हेने विचारलं. तुम्हाला काय झालं ते नका सांगू, म्हणाली. फक्त झाडाचं सांगा. हाताला काय काय लागलं, आणि त्यातलं काय निघून आलं.

रितेशने ताटातला हात काढला नाही. खाली बघतच बोलू लागला. आधी हाताला गवत लागलं, ते मुठीत आलं. मग बाभळीचं खोड लागलं. ते त्याने छातीशी धरलं, पण काठच सुटला आणि बाभूळ त्याच्यासकट चालू लागली. ती पुढे दगडावर आपटली तेव्हा त्याने तिला सोडून दिलं. त्यानंतर पाण्याच्या मध्यात, अगदी वेगात, त्याचा हात एका झुडपात शिरला.

"कसला झुडूप?"

"बारीक पानांचा. तांबूस काटक्या. पाण्याखाली निजलेला व्हता सगळा, दिसत नव्हता. शेरणी म्हणतात ना, तां." तो थांबला. "चिवट. मी जेवढा ओढला तेवढा वाकला, पन मोडला नाय."

"मग तेला धरून तुमी बाहेर आलाव?"

रितेशने मान हलवली. नाही. तो भाकरीचा तुकडा बोटांत कुस्करत राहिला. दर्शनाला वाटलं, उठून जाईल.

"मी हात सोडला व्हता, दर्शना," तो शेवटी म्हणाला. "नाकातोंडात पानी जात व्हता. दमलो मी. म्हटला, आता पुरे झाला. तुजी आठवन आली, आयेची आली, तरीपन सोडला. मुद्दाम सोडला. पन हात अडाकला व्हता फांद्यांत. तेनं सोडला नाय मला."

तो पुढे बोलला ते तुटक तुटक होतं. हात अडकून तो तसाच लोंबत राहिला. पाण्याचा लोंढा जरा कमी झाला तेव्हा पाय खाली टेकले, मग झुडपाझुडपातून सरकत तो काठाकडच्या निवरापर्यंत गेला आणि त्याच्या मुळ्यांवरून वर चढला. हाताची साल गेली ती तिथे, त्या फांद्यांत. एवढं सगळं झाल्यावर लोक म्हणत होते, रितेश लढला, रितेशची जिगर मोठी. ते ऐकून त्याला तोंड वर करवत नसे.

दर्शनाला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. तिने त्याच्या हातातला कुस्करलेला तुकडा काढून घेतला, दुसरी भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेवा आधी. मग झोपा. रविवारी माला ती जागा दाखवा."

रविवारी तो आला. वहाळाकडे उतरणाऱ्या दगडी पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिला. वहाळात पाणी इतकं कमी होतं की पोरंही त्यात बसून खेळावीत, पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. दर्शना पुढे जाऊन थांबली आणि मागे वळून बघायचं टाळत राहिली. थोड्या वेळाने दगडांवर त्याच्या पावलांचा आवाज आला.

शेरणीची ती रांग पुलाच्या पलीकडे होती. पुरुषभर उंच, कण्हेरीसारख्या निमुळत्या पानांची, नवी पालवी तांबडी. सगळी झुडपं खालच्या अंगाला कललेली. कुणी हातात कंगवा घेऊन एका दिशेला विंचरावीत तशी. मुळं दगडांच्या फटींतून अशी गेली होती की कुठे दगड संपला आणि कुठे मूळ सुरू झालं ते कळत नव्हतं. रितेशने एका झुडपाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग पुन्हा लावला.

त्यानंतर काम सुरू झालं. अक्षया फोनवर होती, ती सांगे त्यातलं काही दर्शना करी, काही वहाळाकडे बघून बदली. दरडीच्या पायथ्याशी, पडलेल्या गडग्याचेच दगड उतरते रचून, त्यांच्या फटीफटीत शेरणीच्या अंगठ्याएवढ्या फांद्या बसवल्या. झुडपं ओरबाडायची नाहीत, एकेका झुडपाच्या थोड्याच फांद्या घ्यायच्या, असा तिने नियम घातला. वरच्या अंगाला, जिथे पाणी थेट येऊन धडकायचं, तिथे वाळुंजाच्या झाडाचे मनगटाएवढे सोट ठोकले, कारण वाळुंज नुसत्या सोटातून फुटतो. बावेखाली झरा पाझरून जमीन कायम ओली असे, पाय रुते. तिथे निवराची रोपं आणि वाळ्याची ठोंबं लावली. उतारावर करंजाच्या बिया.

माडावरून मात्र वाद झाला. भागोजींचं म्हणणं, एवढी जागा आहे, वाडी पाणी घालणार आहे, तर चार माड लावावेत, पुढे नारळ तरी मिळतील. दर्शनाने त्यांना अधांतरी लोंबणारी मुळं नेऊन दाखवली. भागोजी म्हणाले, ते झाड म्हातारं होतं. शेवटी तडजोड झाली. माड लावायचे, पण दरडीपासून दूर, मळ्याच्या आतल्या अंगाला. केवडा लावायलाही बायकांनी नकार दिला. पाण्याला यायच्या वाटेवर साप नकोत, म्हणाल्या. दर्शनाला केवडा हवा होता, पण ते तिने सोडून दिलं. गुरांनी खाऊ नये म्हणून काटेरी फांद्यांची वई घातली.

चैत्र संपला आणि वहाळ आटत आटत डबक्यांवर आला. फांद्यांची पानं सुकून गळाली. दर्शनाचा जीव पुन्हा वरखाली होऊ लागला. ती फांदीची साल नखाने खरवडून आत हिरवं आहे का ते बघे, इतक्यांदा की काही फांद्या त्यानेच मेल्या असाव्यात. रितेश एकदा म्हणाला, तू त्यांना जगू देशील का. वाडीच्या बायका बावेवर आल्या की एक कळशी घरी नेत आणि एक दरडीवर ओतत. वैशाखाच्या मध्यात शेरणीला बुडाशी बारीक तांबडे कोंब दिसले. सगळ्या नाही फुटल्या. ज्या फुटल्या त्यांची पानंही बोटाएवढीच होती. हे आषाढातल्या पाण्यापुढे कसं टिकणार, या विचाराने तिने तोंड फिरवलं.

पाऊस सुरू झाला, लावणी झाली, आणि आषाढाच्या अखेरीस तो पूर आला. रितेश आदल्या दिवशी दुपारपाळीला गेला तो परतलाच नाही. हायवेवर पाणी आल्यामुळे बस लोट्यालाच अडकल्याचा निरोप सकाळी कुणाच्या तरी फोनवर आला आणि नंतर रेंजच गेली. दर्शना इरलं घेऊन पाखाडीवर आली. वहाळ गढूळ, तांबडा, इतका रुंद झाला होता की समोरचा काठ ओळखू येईना. पायथ्याची शेरणी कुठेच नव्हती. वरून एक मोठं लाकूड आलं, वाळुंजाच्या सोटांवर आदळलं आणि सोट एकामागून एक गेले. त्या बाजूची दरड बसली. तिच्याबरोबर करंजाची इवली रोपंही गेली. पाणी बावेच्या कठड्याला लागलं.

दर्शना खाली जायला निघाली. काय करणार होती ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भागोजींनी तिचं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड सुटेना.

"एक दोरी माज्या हातात रिकामी ऱ्हायली व्हती," ते म्हणाले. "आता मी तुला सोडनार नाय."

ती तिथेच पायरीवर पावसात बसली. कठड्याचा एक दगड निखळून पाण्यात पडल्याचा आवाज आला. नंतर आणखी एक. घटका घटका ती तेच ऐकत राहिली, तिसरा कधी पडतो याची वाट बघत. तिला रितेशचा विचार येत होता आणि तो विचार नको म्हणून ती शेरणीचा विचार करत होती, आणि दोन्ही विचार फिरून एकाच जागी येत होते. पाण्याखाली, न दिसणारं, निजलेलं काहीतरी. ते धरून आहे की गेलं, ते वरून कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. बाव होती. कठड्याची वहाळाकडची बाजू ढासळली होती, आतलं पाणी चहासारखं झालं होतं, पण बाव जागेवर होती. वळणाचं वरचं टोक पार गेलं होतं, तिथे मोठा खड्डा पडला होता. आणि पायथ्याला, गवताच्या गुंडाळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी फाटकी चप्पल यांच्या ओझ्याखाली शेरणी आडवी झाली होती. दर्शनाने गुडघ्यांवर बसून एका रोपावरचा कचरा काढला. फांदी सावकाश वर आली, पुरती नाही, थोडीशी. दुसऱ्या रोपाचंही तसंच. बरीच गेली होती, मोकळ्या फटी दिसत होत्या. पण उरलेल्यांच्या मागे वहाळाने स्वतःच बारीक रेतीचा आणि गाळाचा ढीग आणून टाकला होता. निवराची दोनच रोपं राहिली होती. वाळ्याच्या ठोंबांना मात्र काहीच झालं नव्हतं. वरची माती धुपून गेली होती आणि त्यांची मुळं उतारावर जाळ्यासारखी उघडी पडली होती.

दुपारी रितेश आला. हायवे मोकळा झाला नव्हता, तो लोट्याहून चालत निघाला होता. पुलावरून नव्हे, वहाळाकडून आला. पँट मांडीपर्यंत भिजलेली. दर्शनाने त्याला पाण्यातून येताना बघितलं. अजून ओढ होती पाण्याला. तो मध्येच थांबला, वाकून एक सैल झालेली शेरणी दगडाखाली नीट दाबून बसवली, मग दुसरी. जणू त्याला घरी जायचं नव्हतंच.

"आधी वर या," ती म्हणाली.

"ही सुटंल नायतर," तो म्हणाला, आणि वर आला नाही. मग तीच खाली उतरली.

भाद्रपदात गणपतीला मुंबईकर आले. विनीतने दरड बघितली, फोटो काढले. भिंतीला मंजुरी मिळायची चिन्हं होती, पण कामाची यंत्रं उतरवायची तर पायथ्याची झुडपं काढावी लागतील, असं त्याने सांगितलं. भागोजी म्हणाले, मग भिंत वरच्या टोकाला घ्या, जिथे खड्डा आहे तिथे, खाली हात लावू नका. विनीत म्हणाला, असं अर्धं काम मंजूर होतं का ते विचारावं लागेल. विचारून सांगतो, म्हणाला. ते उत्तर अजून आलेलं नाही.

उत्तर येईल तेव्हा येईल म्हणून दर्शना काही थांबली नाही. वरच्या खड्ड्यात काय लावायचं यावरून तिचं आणि रितेशचं रोज चालू असतं. तो म्हणतो, वाळुंज पुन्हा लावायचा, पण या वेळी शेरणीच्या मागे, पुढे नाही. ती म्हणते, तिथे उंबरच पाहिजे, वाढायला वेळ लागला तरी चालेल. वेळ लागला तर तूच दिवसातून दहादा जाऊन बघशील, असं तो म्हणतो. मग ती त्याला म्हणते, वरच्या अंगाच्या जुन्या निवरांची फळं वहाळात तरंगत खाली गेली असतील, पुलापाशी अडकली असतील, वेचून आणायला हवीत. आणि तो सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन तिच्याबरोबर निघतो.